धाकटीची डावी सीट

परवा शुक्रवारी सकाळी स्वयंपाकघराची खिडकी उघडली आणि धुराचा वास आत आला. नाशिकच्या गंगापूर रोडला धूर नवा नाही, पण हा गाड्यांचा नव्हता. ओला पालापाचोळा, काटक्या आणि थोडं शेण एकत्र जळताना येतो तसा जड, डोळ्यांत रेंगाळणारा वास होता. नदीच्या बाजूला कुठल्यातरी द्राक्षबागेत पहाटे शेकोट्या पेटल्या असणार. पारा फार उतरला की बागायतदार वेलींच्या ओळींमध्ये जागोजाग धूर करतात, घडांना थंडी बाधू नये म्हणून. म्हणजे थंडी आली. लोकांना थंडी आली की ट्रंकेतले स्वेटर आठवतात, हुरडा आठवतो, बाजरीची भाकरी आठवते. मला एका विमानातली सीट आठवते.

हे असं का, ते मला नीट सांगता येईल की नाही शंकाच आहे. त्या हिवाळ्याचा विचार करायला लागले की एक धागा हाती येतो आणि दुसरा सुटतो. त्या वेळी मी सुखात होते की दुःखात, हेसुद्धा मला ठरवता आलेलं नाही. मध्ये एक अख्खा हिवाळा येऊन गेला, तरी नाही.

आमचा विमानांचा क्लब आहे. हे वाक्य मी अजून जरा चाचरतच म्हणते, कारण ऐकणारा लगेच वेगळ्याच नजरेने बघायला लागतो. प्रत्यक्षात चार भाऊबंदांत मिळून एक ट्रॅक्टर असतो ना, तसा प्रकार आहे. आठ जणांत दोन छोटी, जुनी विमानं. चार सीटांच्या विमानाला सगळे थोरली म्हणतात आणि दोन सीटांच्या विमानाला धाकटी. धाकटीचं दार जुन्या कपाटासारखं दोनदा आपटल्याशिवाय लागत नाही. सायखेड्याच्या अलीकडे, बागांच्या मधोमध एक धावपट्टी आणि पत्र्याचं हँगर, एवढाच संसार. विमान ढकलत बाहेर काढायचं आपणच, पुसायचं आपणच आणि धावपट्टीवरच्या शेळ्या हाकलायच्या त्याही आपणच.

वस्तू आठ जणांची असली की बारीकसारीक गोष्टींवरून कुरबुरी होतात, म्हणून क्लबात काही रीती पडून गेल्या आहेत. त्यातली सगळ्यांत पक्की रीत म्हणजे उतरताना सीट मागे. विमानातली सीट रुळांवर पुढेमागे सरकते आणि खालची पिन रुळाच्या भोकात बसली की ती जागच्या जागी राहते. प्रत्येकाचे पाय वेगळे, म्हणून प्रत्येकाची जागा वेगळी. पण उतरताना मात्र ती पार शेवटपर्यंत मागे ढकलून ठेवायची. तुम्ही बसला होतात याची खूण पुढच्याला दिसता कामा नये. मग पुढच्याने ती आपल्या मापाने पुढे घ्यायची, पिन लावायची आणि अंगाला दोन जोरदार हिसके देऊन डोलून बघायचं, की ती खरंच बसली आहे. चांगली शिकलीसवरली माणसं इंजिन सुरू करण्याआधी सीटवर डोलत असतात. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, यांच्या अंगात आलं की काय.

या आठांतला एक हिस्सा श्रीकांतचा होता. श्रीकांत माझा नवरा. कॉलेजपासूनची ओळख, म्हणून मी त्याला अरेतुरे करते आणि त्याच्या बहिणी अजून त्यावरून नाक मुरडतात. अंबडला त्याचं छोटं वर्कशॉप होतं. ते बंद केल्यावर त्याचा सगळा जीव शनिवारावर येऊन राहिला. शनिवारी सकाळी उडून आला की दुपारी जेवताना वरून काय दिसलं ते सांगायचा. मी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला, त्यामुळे नद्यांच्या गोष्टी तो मुद्दाम माझी परीक्षा घेतल्यासारख्या सांगे. दारणा कुठे वळली, गोदावरीवर जलपर्णी किती पसरली, संगमाच्या अलीकडे दोघी कशा सारख्याच दिसतात आणि भलेभले कसे फसतात. मी भात कालवत ऐकायची. त्याच्याबरोबर मात्र कधी गेले नाही. मला झोपाळ्यावरसुद्धा गरगरतं.

मग त्याच्या साखरेने डोळ्यांचे पडदे धरले. वैमानिकांची तपासणी करणाऱ्या डॉक्टरांनी मान हलवली आणि श्रीकांतचं उडणं एका सकाळीच संपलं. त्याने आदळआपट केली नाही. घरी आला, बूट काढले आणि म्हणाला, "क्लबात मी आता पाऊल टाकणार नाही. आपला हिस्सा तू घे."

क्लबात तशी सोय आहे. एखाद्याला उडणं सोडावं लागलं तर त्याचा हिस्सा घरातलं कोणी घेऊ शकतं. त्या माणसाने एक हंगाम शिकायचं आणि हंगाम संपताना बाकीच्या सातही जणांनी हो म्हणायचं. एकाने जरी नाही म्हटलं तरी हिस्सा बाहेरच्या कोणाकडे जातो. मी तेव्हा मेथी निवडत होते. मी म्हटलं, बघू. आमच्या घरात बघू म्हणजे हो. नाही म्हणायला माझं तोंडच उघडेना, कारण नाही म्हणणं म्हणजे त्याच्या हातात उरलेलं शेवटचं काहीतरी काढून घेणं झालं असतं. पण मग हो म्हणून मी तरी काय केलं? ते त्याच्या हातातून काढून माझ्याच हातात घेतलं. त्या दिवसापासूनचा हा गुंता आहे.

मार्गशीर्षात मी जायला लागले. उजाडता उजाडता घरातून निघायचं. रस्त्यावर कानटोप्या घालून फिरायला निघालेली माणसं, टपरीवर चहाची वाफ, आणि आडगावच्या पुढे गेलं की दोन्ही बाजूंना कागदात गुंडाळलेले द्राक्षांचे घड. त्या कागदांतून घड असे लटकत असतात की बागेत कोणी जुन्या बातम्या वाळत घातल्यात असं वाटावं. हँगरचं दार उघडलं की आत पेट्रोलचा, थंड पत्र्याचा आणि उंदरांचा वास. धाकटीच्या पंखांवर दव. ते पुसताना बोटं बधिर व्हायची. पुसता पुसता मी स्वतःला विचारायची की बाई, तू इथे काय करते आहेस. उत्तर यायच्या आत खैरनार सर यायचे.

खैरनार सर आमचे शिकवणारे, आठांतलेच एक. सटाण्याकडचे. एरवी शाळेच्या पुस्तकासारखं शुद्ध आणि मोजकं बोलायचे, पण घाईची वेळ आली की तोंडातून आईची अहिराणी बाहेर पडायची. त्यांच्या बोलण्यात 'आहे'च्या जागी 'शे' आला की समजायचं, काहीतरी बिघडलं आहे. माझ्या पहिल्या काही शनिवारांत तो बराच आला.

वर गेल्यावर माझा भूगोल पार संपला. सर विचारायचे, खाली कोणती नदी. मी ठामपणे गोदावरी म्हणायची आणि ती दारणा निघायची. पुढच्या खेपेला सावधपणे दारणा म्हणायची, तर ती गोदावरी. जलपर्णीने झाकलेली नदी वरून गव्हाच्या वावरासारखी दिसते आणि प्लास्टिक घातलेलं वावर तळ्यासारखं. फळ्यावर मी वर्षानुवर्षं निळ्या खडूने नद्या काढल्या. इथे निळं काहीच नव्हतं. पहाटेच्या शेकोट्यांचा धूर बागांवर अंथरलेला असायचा, त्यातून सगळीच गावं एकाच गावासारखी वर यायची. मला मळमळायचं. आणि तरी उतरल्यावर पाय जमिनीला लागले की मन थोडं खट्टू व्हायचं, हे मला कळायचं आणि कोणाला सांगता यायचं नाही.

घरी तर मुळीच नाही. श्रीकांत काही विचारायचाच नाही. मी दुपारी परतायची, जेवायला बसायची, आणि ज्या वेळी पूर्वी तो बोलायचा त्या वेळी आता दोघंही गप्प. मी एकदा म्हटलं, मला धाकटीच्या नाकावरून पुढचं काही दिसत नाही रे, मी बुटकी पडते. त्यावर तो कोशिंबिरीत मीठ कमी आहे म्हणाला. मला वाटलं, याला माझा राग आला आहे. नंतर वाटलं, याला काही फरकच पडत नाही. त्यानंतर वाटलं, मी आनंदात दिसले तर याला त्रास होईल, म्हणून मी उगाचच थकल्यासारखं करायला लागले. तोही शुक्रवारी दुपारी अंबडच्या जुन्या मित्रांकडे जाऊन येतो म्हणायचा आणि संध्याकाळी बराच मोकळा होऊन परतायचा. चला, त्याला काहीतरी विरंगुळा आहे, एवढंच मला कळायचं.

त्याच दिवसांत मला धाकटीत एक मैत्रीण भेटली. म्हणजे भेटली नाहीच, पण होती. शनिवारी पहिली मी असायची आणि पाहावं तर डावी, म्हणजे चालवणाऱ्याची, सीट पुढे असायची. पार मागे असायला हवी ती बरोबर माझ्या मापाला, क्लबची जुनी उशीसुद्धा वर ठेवलेली. मी ठरवून टाकलं की आदल्या दिवशी माझ्याच उंचीची कोणी बाई शिकायला येत असणार आणि बिचारी रीत विसरत असणार. मला ती आवडायला लागली. तिलाही नाकावरून पुढचं दिसत नसेल, तिलाही नद्या ओळखू येत नसतील. तिच्याबद्दल मी सरांकडे चकार शब्द काढला नाही, उगाच तिला बोलणी बसायची. उलट मनातल्या मनात तिचे आभारच मानायची. एक दिवस उशा दोन झाल्या. मी बसले आणि पहिल्यांदाच पंख्याच्या पलीकडे क्षितिजाची रेघ दिसली. काय हुशार बाई आहे, असं मला वाटलं.

संक्रांतीच्या आठवड्यात उडणं बंद. आमच्याकडे येवल्यापासून नाशिकपर्यंत आभाळ पतंगांचं असतं आणि मांजाशी खेळ नको, म्हणून दोन्ही विमानं हँगरात. घरी हळदीकुंकू होतं. बायकांना कुठून तरी कळलं होतंच. एकीने विचारलं, या वयात भीती नाही का वाटत. दुसरी म्हणाली, नवऱ्याची हौस पुरवते ग ती. मी सगळ्यांच्या हातावर तिळगूळ ठेवत हसत होते आणि आतून चिडले होते. नवऱ्याची हौस पुरवते हे खरं होतं का? मग गच्चीवर पतंग कापल्याचा गलका झाला की मी वर आभाळाकडे का बघत होते? त्या आठवड्यात मला हातांना येणारा पेट्रोलचा वास आठवत राहिला. मला उडायला आवडत होतं. श्रीकांतसाठी नाही, श्रीकांतमुळे नाही, मला. हे लक्षात आलं आणि मी घाबरले. कारण ते नवऱ्यासाठी असतं तर सोपं होतं.

संक्रांतीनंतरच्या शनिवारी मी अधीरतेने गेले. सीट माझ्या जागी, दोन्ही उशा जागेवर. मी बसले, पट्टा लावला आणि डोलले नाही. त्या बाईने लावलेली सीट इतके शनिवार बरोबर निघाली होती, की मी तिच्यावर विसंबायला लागले होते. धावपट्टीवर वेग आला, चाकं सुटली, नाक वर आलं आणि माझ्यासकट सीट मागे गेली. खाड् असा आवाज झाला. पाय पेडलवरून सुटले. हातात जे होतं ते मी घट्ट धरलं, आणि ते नेमकं विमानाचं सुकाणू होतं. माझ्या वजनाने ते मागे ओढलं गेलं आणि समोर नुसतं आभाळ उभं राहिलं. भोंगा वाजायला लागला. विमान पडायच्या बेताला आलं की तो वाजतो, एवढं मला शिकवलेलं होतं.

"सोडी दे," खैरनार सर म्हणाले. ओरडले नाहीत. "सोडी दे, मी शे ना."

मी हात सोडले. दोन्ही हात मांडीवर ठेवून परीक्षेला बसलेल्या मुलीसारखी बसून राहिले. सरांनी नाक खाली घेतलं, एक वळसा घालून विमान उतरवलं आणि इंजिन बंद केलं. बाजूच्या बागेतून धूर येत होता. मी म्हटलं, सीट आधीच पुढे होती. सर म्हणाले, सीट कोणी लावली हे मी विचारणार नाही, जो बसला त्याची सीट. पण हे बाकीच्यांच्या कानावर घालावं लागेल, हंगाम संपताना ते विचारतील. त्यात त्यांचं काही चुकलं नव्हतं.

घरी येऊन मी श्रीकांतला सगळं सांगितलं. त्याने हातातली भाकरी ताटात ठेवली. फक्त एवढंच विचारलं, पिन भोकात बसली नव्हती का. मी म्हटलं, अर्धवट बसली असणार. तो उठला, हात धुतले आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला. मला वाईट वाटलं. बायको मरता मरता वाचली आणि हा पिनेची चौकशी करतो.

पुढच्या शुक्रवारी तो अंबडला गेला नाही. शनिवारी मी हँगरात गेले तर सीट पार मागे होती आणि उशा कपाटात. हँगर सांभाळणारे रंगनाथ बाहेर शेकोटीपाशी बसले होते, शेजारची बाग त्यांच्याच भावाची. मी सहज विचारलं, काल त्या शिकणाऱ्या बाई आल्या नाहीत वाटतं.

"बाई कुठल्या?" रंगनाथ म्हणाले. "बाई तुमी एकल्याच हाय. शुक्रवारी साहेब यायचे. काल नाय आले."

"कोणते साहेब?"

"तुमचे ना. दुपारचं यायचं, आत बसायचं, खुर्ची लय पुढं घ्यायची. एवढा उंच माणूस, गुडघे पार हनुवटीला. घटकाभर नुसतं समोर बघायचं अन् जायचं."

मी तिथेच शेकोटीजवळ बसले. काय वाटलं ते सांगता येत नाही, कारण एक काही वाटलंच नाही. एवढं मोठं अंग माझ्या जागेत कोंबून बसलेला माझा नवरा डोळ्यांसमोर आला आणि हसू आलं. मग रडू आलं. मग राग आला, की ज्याच्यापासून मी उडण्याचा आनंद चोरून ठेवत होते तो दर शुक्रवारी मला चोरून माझ्याच सीटवर बसत होता. अडचणीतून अंग सोडवून बाहेर पडताना त्याच्या धक्क्याने पिन निघाली असणार, आणि त्या डोळ्यांना ती दिसली नसणार. म्हणजे त्याची चूक. पण डोलले नाही ती मी. म्हणजे माझी. दोन्हीतलं एक धरलं की दुसरं समोर येऊन बसायचं.

त्याहून कठीण पुढे होतं. सभासद नसलेल्याने विमानात एकट्याने बसायचं नाही, ही क्लबातली दुसरी पक्की रीत. रंगनाथांच्या लेखी साहेब अजून साहेबच होते, म्हणून त्यांनी अडवलं नाही. मी खरं सांगितलं तर श्रीकांतचे शुक्रवार जाणार, त्याला हँगरचं दारही बंद होणार. सांगितलं नाही तर सात जणांपुढे मी सीट न तपासणारी बाई ठरणार, हिस्सा जाणार आणि मग श्रीकांतलाही तिथे यायला काही निमित्त उरणार नाही. पौष संपून माघ लागला तरी माझं ठरेना. आम्ही दोघं एकमेकांना वाढत होतो, दार लावलं का विचारत होतो, आणि मधली ही गोष्ट दोघांनाही माहीत असून कोणी काढत नव्हतं. मी माझं कळल्याचं लपवत होते. त्याला ते कळलं होतं की नाही, ते मला आजही माहीत नाही.

माघाच्या अखेरीस बैठक झाली. श्रीकांत म्हणाला, मी सोडतो तुला. तो गाडीतच बसून राहिला. हँगरात प्लास्टिकच्या खुर्च्यांवर सगळे बसले होते. डॉक्टर निकम, आमच्यातले सर्वांत जुने सभासद, हाडांचे डॉक्टर आणि स्वभावानेही तसेच टणक, त्यांनी सरळ विचारलं की सीटचं काय झालं.

"सीटवर मी बसले होते," मी म्हटलं. एवढंच एक वाक्य मला खरं वाटलं होतं.

आमच्याकडे निर्णय तोंडी सांगत नाहीत. नव्या माणसाला बादली आणि फडकं देऊन विमान धुवायला बाहेर पाठवतात. आत बोलणं होतं. ज्याचं मत हो, तो बाहेर येऊन फडकं उचलतो आणि पुसायला लागतो. नाही म्हणणारा खुर्चीतून उठत नाही. मी धाकटीच्या पंखाखाली ओणवी होऊन साबणाचं पाणी लावत होते. आणि पंखाखालूनच मला आमच्या गाडीचं दार उघडलेलं दिसलं.

श्रीकांत हँगरात गेला. काय बोलला ते ऐकू आलं नाही, नुसतं दिसलं. त्याने हाताने काहीतरी पुढे सरकवून दाखवलं. मग एक खुर्ची ओढली, तिच्यावर बसून दोन्ही गुडघे हनुवटीपर्यंत घेतले, मान पुढे काढली. टक्कल पडत आलेला, साठीच्या घरातला माणूस सात जणांसमोर माझ्या सीटवर बसल्याचं सोंग करून दाखवत होता. कोणीतरी हसलं. मग तो तसाच, गुडघे पोटाशी धरून, बाहेर पडण्याची धडपड करून दाखवायला लागला, आणि हसणं थांबलं. निकम उठून त्याच्याजवळ गेले, खांद्यावर हात ठेवून काही म्हणाले. श्रीकांतने मान डोलावली आणि रंगनाथांच्या हातात खिशातली हँगरची किल्ली दिली. ती किल्ली त्याच्याकडे अजून होती हे मला माहीतच नव्हतं.

खैरनार सर सगळ्यांत आधी आले. मग एकेक करत बाकीचे. निकम शेवटी आले, फडकं पिळलं आणि माझ्याकडे न बघता चाक पुसायला लागले. सात फडकी झाली. मला हिस्सा मिळाला होता. श्रीकांत धावपट्टीच्या कडेला, चुन्याच्या रेघेबाहेर उभा राहून आमच्याकडे बघत होता, आणि त्याला फडकं उचलता येत नव्हतं. मला आनंद झाला होता. तो झाला याची लाजही वाटत होती. कोणीतरी द्राक्षं आणली होती, ती सगळ्यांनी ओल्या हातांनी खाल्ली.

त्यानंतर मी एकटीने उडाले, परीक्षा दिल्या, गेल्या पावसाळ्याआधी परवानाही मिळाला. आता कोणालाही शेजारी बसवून नेता येतं. दोघी-तिघींना नेऊनही आणलं, त्या नवऱ्याची हौस म्हणणाऱ्या बाईसकट. श्रीकांतला मी विचारलं नाही आणि त्यानेही विचारलं नाही. त्याला उजव्या सीटवर बस म्हणणं म्हणजे काय, हे मला ठरवता येत नव्हतं. बहुमान की अपमान? शनिवारी दुपारी आता मी बोलते आणि तो भात कालवत ऐकतो. नद्यांचं मात्र मी टाळते.

परवा तो धुराचा वास आला तेव्हा तो खिडकीपाशी माझ्या मागेच होता. म्हणाला, सायखेड्याकडे जास्त थंडी असणार. मी चहा गाळता गाळता विचारलं, उद्या येतोस?

"बघू," तो म्हणाला.

काल आम्ही गेलो. त्याने सवयीने धाकटीभोवती फेरी मारली, पंख्यावरून हात फिरवला, आणि डाव्या दाराशी जाऊन थांबला. मग मागून वळसा घालून उजव्या दाराशी गेला. मी आत बसले, सीट पुढे घेतली, दोन उशा, पिन, दोन हिसके. शेजारी बसणाऱ्याला सांगायचं असतं, म्हणून त्यालाही सांगितलं, डोलून बघ. तो आज्ञाधारकपणे डोलला. त्याची सीट पार मागे होती, माझी पार पुढे, त्यामुळे वर गेल्यावर त्याचं तोंड मला दिसत नव्हतं. कदाचित म्हणूनच विचारता आलं. मी विचारलं, तेव्हा दर शुक्रवारी माझ्या सीटवर बसून काय बघायचास?

"तुला काय दिसतं ते."

"काय दिसलं?"

"काहीच नाही. नुसतं आभाळ." कानातल्या यंत्रातून त्याचा आवाज फार जवळून येत होता. "घरी जाऊन तुला सांगणार होतो, सोडून दे म्हणून. दर शुक्रवारी ठरवायचो. मग शनिवारी तू यायचीस, तुझ्या हातांना पेट्रोलचा वास असायचा. मग दुसरी उशी ठेवून आलो."

खाली बागांवर धूर पसरला होता. त्यातून मध्येच एक रुंद, हिरवट पट्टा चकाकत वर आला. मी तो येताना पाहत होते आणि मनात म्हणत होते, आता हा विचारणार. आणि त्याने विचारलंच. म्हणाला, "ही कोणती, शैले? दारणा की गोदा?"

तो माझी परीक्षा घेत नव्हता. पूर्वी घ्यायचा तेव्हा त्याचा आवाज वेगळा असायचा. मला गोदावरी म्हणता आलं असतं. ठामपणे म्हणता आलं असतं, तेवढी सवय मला वर्गात झालेली आहे.

"मला नाही माहीत रे," मी म्हटलं. "मला अजून ओळखू येत नाहीत."

तो म्हणाला, "मलाही दिसत नाहीये."

डोळ्यांबद्दल त्याने हे वाक्य तपासणीच्या त्या डॉक्टरांनंतर कोणापुढे म्हटलं नव्हतं. माझ्यापुढे तर नाहीच. मी सुकाणूवरचा एक हात काढून मागे नेला आणि अंदाजाने त्याचा गुडघा शोधला.

"मग संगमापर्यंत जाऊ," तो म्हणाला. "तिथे दोघी एकच होतात. तिथे चुकायला काही उरत नाही."

मी नाक जरा उजवीकडे घेतलं आणि आम्ही त्या नदीवरून, ती जी कोणती असेल तिच्यावरून, खाली जात राहिलो.